जावईबापूंचं पिवळं शेपूट

पडण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी आहे, आणि या बावीस वर्षांत आमच्याकडे एकही माणूस उंचावरून पडलेला नाही. शिडीवरून नाही, माळ्यावरून नाही, गोदामाच्या छतावरून तर नाहीच नाही. याचं कारण अगदी सोपं आहे. मी कुणाला वर जाऊच देत नाही.

म्हणजे नियमाने देतो. वर जायचं असेल तर एकेचाळीस प्रश्नांचा अर्ज भरावा लागतो. चष्म्याचा नंबर काय, रात्री झोप किती झाली, घरून भांडून आलात का, इथपर्यंत सगळं त्यात आहे. तिसाव्या प्रश्नाला पोचेपर्यंत माणूस म्हणतो, "राहू द्या साहेब, पत्रा गळतोय तर गळू दे. खाली बादली ठेवतो." आमच्या गोदामात आज सव्वीस बादल्या आहेत. पण पडलेला माणूस एकही नाही.

आता एक बारीकशी गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो, कारखान्यात बोलू नका. मी स्वतः कधी वर गेलेलो नाही. गुडघ्याएवढ्या स्टुलावर उभा राहिलो तरी माझ्या पोटात कुणीतरी गलबत सोडल्यासारखं होतं. घरातले बल्ब बायको बदलते. मी खालून स्टूल धरतो आणि सूचना देतो.

तर अशा या माणसाच्या घरी दीड वर्षापूर्वी सासूबाई राहायला आल्या. वय अडुसष्ट. मोठ्या रुग्णालयात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं नर्सबायका त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून ताठ व्हायच्या, आणि मलाही आल्या दिवसापासून तीच सवय लागली. त्यांच्या एकटीच्या घरात बाथरूममध्ये पाय घसरला, डावं मनगट मोडलं, म्हणून बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं.

पडलेला माणूस प्रथमच माझ्या हद्दीत आला होता. मी कामाला लागलो. बाथरूममध्ये चार, स्वयंपाकघरात तीन, जिन्यात दोन्ही बाजूंनी, असे घरभर धरायला दांडे बसवले. पायपुसणी काढली, रबरी चटया घातल्या. गच्चीला कुलूप लावलं. सासूबाईंच्या गळ्यात एक बटण अडकवलं. ते दाबलं की माझा फोन बोंबलायचा. पहिल्या आठवड्यात तो एकोणीस वेळा बोंबलला. सतरा वेळा त्यांना फक्त विचारायचं होतं, की वर्तमानपत्र कुठे ठेवलंय.

"आई आता सुरक्षित आहेत," मी बायकोला अभिमानाने म्हणालो.

"हो," ती म्हणाली, "फक्त बोलत नाहीत."

एका रविवारी सकाळी चहा पिता पिता सासूबाईंनी माझ्यासमोर एक पत्रक ठेवलं. त्यावर एका उभ्या कड्याचा फोटो होता आणि कड्याच्या पोटावर पाच-सहा माणसं, दोऱ्याला मणी ओवावेत तशी.

"मला इथे जायचंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना कडा खालून बघायचा असेल. "अवश्य जाऊ. सावलीत खुर्ची टाकू."

"बघायला नाही. चढायला. याला व्हाया फेराटा म्हणतात. म्हणजे लोखंडाची वाट. कड्याला जाड पोलादी दोर कायमचा ठोकलेला असतो. पाय ठेवायला लोखंडी कांबा. आपण पट्ट्यांनी त्या दोराला अडकलेले असतो आणि चालत राहतो. गिर्यारोहणाचं शिक्षण लागत नाही. डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, मनगट जुळलंय, हृदय तर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"कुठले डॉक्टर?"

"मी ज्यांना सुई टोचायला शिकवलं, ते."

बायकोने मला टेबलाखालून पाय मारला. संसारात या पायाचे बरेच अर्थ असतात. या वेळचा अर्थ होता, तुम्ही या विषयातले जाणकार ना, मग बोला काहीतरी.

मी खाकरलो. "आई, हौस चांगली आहे. पण हे काम सोपं नव्हे. अशा ठिकाणी सोबत उंचीवरच्या सुरक्षेतला अनुभवी माणूस लागतो."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. गेल्या दीड वर्षात प्रथमच त्या माझ्याकडे बघून हसल्या. "मला वाटलंच होतं, तुम्ही सोबत याल म्हणाल. मी दोघांचं नाव घालूनच ठेवलंय. येत्या शनिवारी."

बायकोने पुन्हा पाय मारला. या वेळी अर्थ वेगळा होता.

तरीही मी डगमगलो नाही, कारण माझ्याकडे योजना होती. माणसाला उंची कागदावर गोड वाटते. सासूबाईंना कड्याच्या पायथ्याशी नेऊन उभं करायचं. मान वर करून बघितलं की त्या आपणच म्हणतील, जावईबापू, परत जाऊ. मी म्हणेन, बरं झालं तुम्हीच म्हणालात. वाटेत कुठेतरी छान जेवू आणि संध्याकाळपर्यंत घरी.

योजनेला वजन यावं म्हणून मी सोमवारी भांडारातून एक पट्टा मागितला. आमच्या छतावरच्या कामासाठी असतो तो: पिवळाधमक, बोटभर जाड, टोकाला मुठीएवढा आकडा. तो सासूबाईंना दाखवून पडण्याचे प्रकार समजावून सांगायचे, असा बेत होता. स्टोअरकीपरने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "कोण चढणारे?"

मी सहज म्हणालो, "मी."

त्याचं पेन थांबलं. आमचा स्टोअरकीपर म्हणजे कारखान्याचा भोंगा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पॅकिंग विभागात पोचली होती, आणि चहापर्यंत मी एकटा, विनादोर, तीनशे मीटरचा सुळका चढणार होतो. रंगाऱ्यांचा मुकादम मुद्दाम माझ्या टेबलाशी आला. हा माणूस गेली सहा वर्षं छत रंगवायची परवानगी मागतोय आणि सहा वर्षं बत्तिसाव्या प्रश्नाला अडतोय.

"साहेब, खरंच जाताय?"

"जातोय."

"मग एक विचारू? वर गेल्यावर पोटऱ्या थरथरल्या तर काय करायचं असतं? अर्जात ते नाहीये."

मी म्हणालो, आल्यावर सांगतो. तेवढ्यात व्यवस्थापकांचा निरोप आला की पुढच्या सोमवारी सकाळी सगळ्या कामगारांसमोर मी माझा अनुभव सांगावा. आता माघार घ्यायची म्हटली तरी दार राहिलं नव्हतं. पण सासूबाईंनी माघार घेतली तर? मग माझा काय दोष? मी निर्धास्त होतो.

शनिवारी दीड तास गाडी चालवून आम्ही कड्याखाली पोचलो. मी सासूबाईंना बरोबर मधोमध उभं केलं आणि म्हणालो, "आई, बघा वर."

त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होतो, कारण वर बघायची मला गरज वाटत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसायला हवी होती. दिसलं ते असं, की जणू लहान मुलीला जत्रेत पाळणा दिसलाय.

"फोटोपेक्षा उंच आहे," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

तिथे आमची वाटाडी भेटली. पस्तिशीची बाई, उन्हाने नाक सोललेलं, आवाज शांत. आमच्यासोबत आणखी एक गृहस्थ होते. ते दंतवैद्य होते आणि त्यांच्या बायकोने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना इकडे पाठवलं होतं. ती स्वतः का आली नाही, हे विचारल्यावर ते म्हणाले, "तोच विचार मीही करतोय."

वाटाडीने आम्हाला हार्नेस चढवले, हेल्मेट दिली, आणि प्रत्येकाच्या पोटाशी दोन पट्टे अडकवले. दोन्हींच्या टोकाला झडपेची कडी आणि मुळाशी एक छोटी पिशवी.

"या दोन्ही कड्या पोलादी दोरात असतील," तिने सांगितलं. "दोर ठरावीक अंतरावर खुंटीने कड्यात ठोकलाय. खुंटी आली की एक कडी काढायची, खुंटीच्या पलीकडे लावायची. ती लागली की मगच दुसरी. दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत. म्हणजे तुम्ही एक क्षणही मोकळे नसता. आणि दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस."

"उत्तम," मी म्हणालो. "पण मी माझा पट्टा आणलाय." आणि मी पिशवीतून ते पिवळं प्रकरण बाहेर काढलं. दंतवैद्यांनी आदराने एक पाऊल मागे घेतलं.

वाटाडीने पट्टा हातात घेऊन नीट बघितला. "पट्टा चांगला आहे काका. पण हा छतासाठी आहे, इथे नाही चालणार."

"मी बावीस वर्षं याच क्षेत्रात आहे."

"म्हणून तुम्हाला पटकन समजेल. छतावर दोर डोक्याच्या वर असतो. पडलात तर हात-दोन हात पडाल. इथे पडलात तर कड्या दोरावरून घसरत आधी खालच्या खुंटीपर्यंत जातील आणि मग झटका बसेल. त्या झटक्यासाठी ही पिशवी असते. आत पट्टा घड्या घालून शिवलाय, तो उसवत जातो आणि धक्का गिळतो. तरीसुद्धा लागतंच. म्हणून इथला पहिला नियम, पडायचं नाही. पट्टा आहे म्हणून पडून बघू, असं इथे नसतं."

सासूबाईंनी मान डोलावली. "औषध आहे म्हणून आजारी पडायचं नसतं, तसं."

"अगदी तसंच, आजी."

मुद्दा बरोबर होता, आणि मुद्दा बरोबर असला की माणसाला जास्त राग येतो. मी पिवळा पट्टा परत पिशवीत ठेवल्यासारखं केलं आणि सगळे बुटांच्या नाड्या बांधत होते तेव्हा हळूच जॅकेटच्या आत सरकवला. दोन पट्टे सामान्य माणसांना. सुरक्षा अधिकाऱ्याला तीन.

आम्ही निघालो. पुढे वाटाडी, मग सासूबाई, मग मी, शेवटी दंतवैद्य. पहिला टप्पा आडवा होता, जमिनीपासून दोन पुरुष उंच. तिथे कुणाचं लक्ष नाही असं बघून मी हार्नेसला मागे कमरेवर चाचपलं. एक छानशी कडी हाताला लागली. तिच्यात पिवळा पट्टा अडकवला, जॅकेट वरून ओढलं, आणि त्याचा आकडा मागच्या बाजूने दोरात टाकला. तत्क्षणी मला बरं वाटलं. प्रत्येक खुंटीला मी पोटाकडच्या दोन कड्या नियमाप्रमाणे बदलायचो, आणि मग पाठीमागे हात घालून गुपचूप तिसरा आकडा. टक, टक, आणि खट्.

खोटं कशाला सांगू, सुरुवात बरी झाली. मी डोळे समोरच्या दगडावर ठेवले होते. त्या दगडावर एक शेवाळाचा ठिपका होता, दुसरा होता, एक मुंगी होती. कड्यावर असल्याचं माझ्या पोटाला अजून कळलेलं नव्हतं. हात, पाय, टक, टक, खट्. दहाव्या खुंटीला तर मला आत्मविश्वास आला. बाराव्या खुंटीला मी दंतवैद्यांना व्याख्यान देऊ लागलो.

"डॉक्टर, तुम्हाला माहितीये, माणसं सगळ्यात जास्त कुठून पडतात? उंचावरून नाही. तिसऱ्या पायरीवरून. कारण तिथे त्यांना वाटतं, आता काय, आलंच घर. बेसावध झाला की माणूस गेला."

मागून दंतवैद्य कळवळून म्हणाले, "आत्ता हे सांगायलाच हवं का?"

असं बोलत बोलत मी एका कोपऱ्यावरून वळलो. खडक तिथे पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. त्याला वळसा घालून मी पलीकडे गेलो, पुढच्या कांबेवर पाय टाकला, आणि थांबलो. मी थांबलो नाही, मला कुणीतरी थांबवलं. कमरेला मागून धरून.

आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, मी खाली बघितलं. आमची गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. माझी पाचावर धारण बसली. दोन्ही हात दोराला असे चिकटले, की जणू मला तिथे ठोकूनच वाट पूर्ण केली होती.

"डॉक्टर," मी मान न वळवता म्हणालो, "सोडा मला."

खडकाच्या आडून आवाज आला, "मी कुठे धरलंय?"

"मागून ओढताय तुम्ही."

"अहो, मी तुमच्यापासून दहा फूट लांब आहे. माझेच दोन्ही हात दोराला आहेत."

"मग कोण ओढतंय?"

दंतवैद्यांचा धंदा घाबरलेल्या माणसांशीच असल्यामुळे त्यांनी आपल्या परीने निदान केलं आणि पुढे ओरडून कळवलं, "ताई, यांना भास होतोय."

वारा सुटला होता. सासूबाई पुढच्या खुंटीच्या पलीकडे, त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर भासाचा श्वास झाला. त्यांनी वळून मला हुकूम सोडला, "जावईबापू, श्वास लागलाय का? कॉलरचं बटण काढा. ओठ चंबूसारखे करा आणि फुंका."

त्या आवाजाला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. मी ओठांचा चंबू केला आणि कड्यावर फुंकर मारू लागलो. बटण काढायला हात मोकळा नव्हता.

सासूबाईंनी वाटाडीला कळवलं, "यांचा श्वास लागलाय." वाटाडी आणखी पुढे, वरच्या बाजूला. तिने काय ऐकलं देव जाणे, पण तिने खाली ओरडून विचारलं, "फास? कुठे लागलाय फास?"

फास हा शब्द मात्र आम्हा तिघांनाही स्वच्छ ऐकू आला.

"मी परत येते," वाटाडी म्हणाली. "तोपर्यंत कुणीही हलू नका."

मी हलणार नव्हतोच. पुढची दहा-पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. मी त्या अदृश्य हाताशी झगडत होतो, असं मला तरी वाटत होतं. पुढे रेटत होतो, दातओठ खात होतो. पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या चालत होत्या. आणि मला रंगाऱ्यांच्या मुकादमाची आठवण झाली. त्याने विचारलेला प्रश्न किती बरोबर होता आणि माझ्या एकेचाळीस प्रश्नांपैकी एकाचाही इथे काडीइतका उपयोग नव्हता.

"आई," मी म्हणालो, "माझे पाय थरथरताहेत."

मला वाटलं त्या चिडतील. पण त्यांचा आवाज बदलला. रात्रपाळीत पेशंटशी बोलताना असावा तसा झाला. "थरथरू द्या. टाच खाली सोडा. सगळा भार बोटांवर घेतला की पोटरी ओरडते. टाच सोडा. हं. आता हात सरळ करा, कोपरात वाकवू नका. दोरावर टांगून घ्या स्वतःला. हात दमतात ते ओढून, लटकून नाही."

मी टाच सोडली. हात सरळ केले. खरंच, शिवणयंत्र मंदावलं.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"पत्रकात मागच्या बाजूला लिहिलंय. तुम्ही फक्त फोटो बघितलात."

तेवढ्यात त्या एकदम थांबल्या. मान वाकडी करून माझ्या बगलेखालून काहीतरी निरखू लागल्या. "जावईबापू, तुमच्या मागे ते पिवळं शेपूट कसलं आहे?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि कड्यावरून नाही पण मनाने मी तिथूनच कोसळलो. व्याख्यानाच्या भरात मागच्या खुंटीला मी पोटाकडच्या दोन कड्या बदलल्या होत्या. तिसरा आकडा बदलायचा राहिला होता. तो खडकाच्या पलीकडे, दंतवैद्यांच्या बाजूला, खुंटीला गच्च अडकून बसला होता. बावीस वर्षांत मी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. आज माझ्याच पट्ट्याने मलाही जाऊ दिलं नाही.

"डॉक्टर," सासूबाईंनी हाक मारली, "तुमच्यासमोर दोरात एक पिवळा पट्टा आहे का?"

"आहे की. चांगला जाड आहे. मला वाटलं, असाच असतो."

वाटाडी तोवर येऊन पोचली होती. माझ्या शेजारून ती अशी गेली, जशी आपण घरात पॅसेजमधून जातो. तिने खडकापलीकडचा आकडा सोडवला, पट्टा ओढून घेतला, आणि मग माझ्या कमरेमागची ती छानशी कडी बघितली. बघतच राहिली.

"काका, हा तुम्ही इथे अडकवला होता?"

"हो. मजबूत जागा बघून."

"ही कडी पाण्याची बाटली टांगायची आहे."

मी समोरच्या दगडावर मुंगी शोधू लागलो.

"पाच-सहा किलोचा जोर लागला तरी तुटते," ती म्हणाली. तिच्या सुरात थट्टा नव्हती, खरोखर कुतूहल होतं. "तुम्ही पंधरा मिनिटं ओढत होतात ना?"

खडकाआडून दंतवैद्य खोकले. सासूबाईंनी मात्र हसू येऊ दिलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं नाही तुटली. हार्नेस तिचा आहे, भरून द्यावा लागला असता."

वाटाडीने पिवळा पट्टा स्वतःच्या खांद्यावर टाकला. आता माझ्याकडे सगळ्यांइतकेच दोन उरले. परत फिरायची सोय नव्हती, कारण वाट एकाच दिशेची. पुढे शेवटचा टप्पा, उभा, साठ लोखंडी कांबांचा. सासूबाई चढू लागल्या. मी त्यांच्या बुटांचे तळवे बघत एक खुंटी अंतर ठेवून मागे.

आणि आता जे सांगतो ते कारखान्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. विसाव्या कांबेच्या आसपास केव्हातरी भीती कंटाळली. ती होती, पण मागच्या बाकावर जाऊन बसली. एरवी माझ्या डोक्यात सतत कुणीतरी कुठूनतरी पडत असतो. रस्त्याने जाताना मला इमारती दिसत नाहीत, कठडे दिसतात. तिथे मात्र डोक्यात कुणीच पडत नव्हतं. एक हात, एक पाय, एक कडी, टक. दुसरी कडी, टक. दगड उन्हाने कोमट झाला होता. एक पक्षी माझ्या खालून उडत गेला आणि मला त्याची पाठ दिसली. एक्कावन्न वर्षांत मी पक्ष्याची पाठ बघितली नव्हती.

"आई," मी खालून म्हणालो, "पक्षी बघितलात?"

"बघितला. बोलू नका. कडी लावा."

माथ्यावर पोचलो तेव्हा मी दोन्ही हातापायांवर होतो, आणि उठायची घाई नव्हती. सासूबाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि मी जवळ गेलो तेव्हा दिसलं, की ते हात थरथरत होते.

"तुम्हालाही भीती वाटली?"

"खालपासून वरपर्यंत," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये पडले तेव्हापासून वाटतेच आहे. रोज. तुम्ही जेवढे दांडे लावलेत तेवढी जास्त वाटते. जिथे बघावं तिथे घर सांगतंय, बाई, तू पडणार आहेस."

मी हेल्मेटचा पट्टा सैल करत बसलो.

"तुमची माया कळते मला," त्या पुढे म्हणाल्या. "पण बघा ना, पडायची भीती या लोकांनाही आहेच. म्हणून तेही माणसाला बांधतात. पण बांधून वर पाठवतात. तुम्ही बांधून बसवून ठेवलंत."

दीड वर्षात त्या माझ्याशी एवढं सलग बोलल्या नव्हत्या. मी टाचेने माती उकरली. मग म्हणालो, "गच्चीचं कुलूप काढतो. तुम्हाला हवं तेव्हा जात जा."

"परवानगी देताय?"

"नाही. कपडे वाळत घालायला माणूस नाहीये."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, आणि मला वाटतं, डोळेही. "बघू, वेळ मिळाला तर घालीन."

तेवढ्यात दंतवैद्य वर आले, जमिनीला हात लावला आणि बायकोला फोन करायला बाजूला गेले. मी उठून चार पावलं पलीकडे गेलो. पलीकडे काय, डांबरी रस्ता. रस्त्याच्या कडेला एक टपरी, बाकावर दोन कुटुंबं, आणि पायात घरच्या सपाता घातलेला टपरीवाला शेंगदाणे खात उभा. त्याने माझं हेल्मेट बघितलं, पट्टे बघितले, फाटलेला गुडघा बघितला.

"इकडून रस्ता असताना तिकडून कशाला आलात?" त्याने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांब होतं. मी सोडा मागितला.

परतीला पायवाट होती, अर्ध्या तासाची, सोपी. सासूबाई वाटाडीशी गप्पा मारत उतरायला लागल्यासुद्धा. पुढची, याहून अवघड वाट कुठे आहे, असलं काहीतरी चाललं होतं, मी कानावर हात ठेवले. माझ्या मांड्यांनी एक पाऊलही टाकायला साफ नकार दिला होता. शेवटी टपरीवाल्यालाच दया आली. रिकामे क्रेट घेऊन तो व्हॅनने खाली जातच होता. म्हणाला, पुढे बसा.

मी व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसलो. रस्त्याला कठडा नव्हता आणि माझी बाजू दरीकडची होती. मी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, टाचा रेटल्या, डोळे मिटले आणि ओठांचा चंबू करून फुंकू लागलो. कड्यावर जमलं होतं, इथेही जमेल, असं स्वतःला बजावलं. पहिलं वळण गेलं असेल, दुसरं गेलं असेल, निम्मा घाट तर नक्कीच उतरलो असू.

"साहेब," शेजारून टपरीवाला अदबीने म्हणाला, "किल्ली टपरीत राहिलीये. घेऊन येतो, मग निघू."